वर्तणुकीचा रकाना

दुधाटे सरांच्या तोंडून ‘चांगलं’ हा शब्द मी इतक्या वर्षांत तीनदा ऐकला. एकदा एका विहिरीच्या पाण्याबद्दल, एकदा त्यांच्या हैदराबादच्या जुन्या उर्दू उस्तादांबद्दल आणि एकदा त्यांच्या बायकोबद्दल, ती गेल्यावर. चौथ्यांदा तो शब्द त्यांना कागदावर हवा होता आणि तो मी माझ्या हातानं लिहून दिला. तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. हे लिहून आता कुणाचं भलं होईल असंही मला वाटत नाही. पण सर गेले, आणि ह्यातलं काही फक्त मलाच ठाऊक आहे. ते माझ्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी लिहितो.

गंगाखेडहून राणीसावरगावकडं जाताना लागणाऱ्या एका गावात आमची शाळा होती. गावाचं नाव घालत नाही. तिथं अजून ती माणसं राहतात. किशनराव दुधाटे तिथं हेडमास्तर होते. मूळचे चुडाव्याकडचे, घरची थोडी शेती, शिक्षण निजामाच्या काळातलं. मी वालूरचा, टायपिंगची परीक्षा पास होऊन नुकताच तिथं क्लार्क म्हणून लागलेला. सर उंच, वाळकुडे, पांढरा पायजमा, वर गुडघ्यापर्यंत येणारा सदरा. खिशाला एक लाल-निळी पेन्सिल कायमची अडकवलेली. चालताना एकदम थांबायचे आणि दोन पावलं मागं येऊन बोललेलं वाक्य दुरुस्त करायचे. ‘लय पाऊस पडला’ असं म्हणून पुढं गेले की हमखास मागं येणार. ‘लय न्हाई. पुरेसा पडला.’

मला आधी ह्याचं हसू यायचं. शिपाई मुंजाजी सरांना रोज दुपारी चहा द्यायचा आणि मुद्दाम विचारायचा, “सर, कसा झालाय?” सर एक घोट घेऊन विचारात पडायचे. “कालच्यापेक्षा कमी पाणी हाय,” असा निकाल यायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा खुशीत विचारलं, “काय दुधाटे, शाळा चांगली चाललीय ना?” सर म्हणाले, “चाललीय.” साहेब वाट बघत राहिले. पुढं काही आलंच नाही. त्या वर्षी साहेबांनी आमच्या शाळेला काय शेरा दिला असेल ते सांगायला नको.

आणखी एक प्रकार झाला, त्यावरून तर गाव महिनाभर हसत होतं. शाळेचा एक जुना विद्यार्थी लग्नाच्या वयाचा झाला होता. जिंतूरकडचे पाहुणे मुलीसाठी त्याची चौकशी करत शाळेत आले आणि सरांना म्हणाले, “तुमच्या हाताखालचं पोरगं हाय. चांगलं हाय ना?” सर पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “दहावीपर्यंत खोटं बोलत नव्हता. त्याच्यानंतरचं मला ठाऊक न्हाई.” पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि चहा न घेता उठले. सोयरीक मोडली. मुलाचा बाप सरांच्या दारात येऊन शिव्या देऊन गेला. सर त्याचं सगळं ऐकून घेत उभे राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, “रंगनाथराव, माझं काय चुकलं? ठाऊक न्हाई ते कसं सांगावं?”

हा नुसता तऱ्हेवाईकपणा असता तर मीही हसून सोडून दिला असता. त्यामागं एक दुखणं होतं. तरुणपणी दुसऱ्या एका शाळेत असताना त्यांनी एका मुलाच्या दाखल्यावर रिवाजाप्रमाणं ‘वर्तणूक चांगली’ असं लिहून दिलं होतं. मुलगा तापट होता, मारकुटा होता, हे त्यांना माहीत होतं. पण सगळे लिहितात तसं त्यांनी लिहिलं. तो मुलगा पुढं एका वसतिगृहावर देखरेखीला लागला आणि त्यानं एका लहान पोराच्या कानाखाली अशी मारली की त्या पोराला पुन्हा त्या कानानं ऐकू आलं नाही. “त्या लेकराचा कान माझ्या सहीनं फुटला,” असं सर म्हणायचे.

म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा वर्तणुकीचा रकाना ते कुणाला भरू देत नसत. बाकीच्या सगळ्या शाळांत क्लार्कच तिथं ‘चांगली’ असं लिहून मोकळा व्हायचा. काचा फोडणाऱ्याची चांगली, मास्तरच्या सायकलीची हवा सोडणाऱ्याची चांगली, सगळ्यांचीच चांगली. आमच्याकडं मी नाव, जन्मतारीख, इयत्ता लिहायचो आणि तो रकाना कोरा ठेवून पुस्तक सरांच्या टेबलावर ठेवायचो. जून महिन्यात शाळा सुटल्यावर सर एकेक दाखला पुढं घ्यायचे, पोराचं नाव हळू आवाजात वाचायचे आणि डोळे मिटायचे. पोराची पाच वर्षं आठवून बघायचे. मग ‘बरी’, नाहीतर ‘सुधारणेस वाव आहे’, नाहीतर ‘समाधानकारक’ असं लिहायचे. समाधानकारक म्हणजे त्यांच्या हिशोबी कळस होता. त्याच्यावरचा शब्द त्यांनी राखून ठेवला होता. तो कुणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गावातल्या कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोरं शेतात जायची, दाखला पत्र्याच्या पेटीत जायचा. पण दुसऱ्या शाळांचे दाखले माझ्या हाताखालून जात होते, म्हणून मला दिसत होतं. एकदा मी धीर करून म्हणालो, “सर, बाहेर सगळे ‘चांगली’च लिहितात. त्यात आपलं पोरगं ‘समाधानकारक’ घेऊन गेलं तर वाचणाऱ्याला वाटंल, ह्यानं कायतरी केलंय.”

“सगळ्यांचं एकच असलं तर मग वाचणाऱ्याला कळतंय काय?”

“काहीच कळत नाही, सर. म्हणूनच चालतंय.”

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. “खरं लिहिलेलं वाचून कुणी खोटा अर्थ काढला, तर ते त्याचं पाप. माझं न्हाई,” म्हणाले. मी पुस्तक घेऊन बाहेर आलो. हे वाक्य त्यांना पुढं किती महागात पडणार होतं, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या बौद्धवाड्यातली घरं जाळली. कुणी जाळली हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि पंचनाम्यात कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गातले मागचे दोन बाक रिकामे होते. सुदाम खिल्लारे तिथं बसायचा. बाप सालगडी, आई निंदायला जाणारी, आणि पोरगं असं की गणिताच्या सरांचं फळ्यावर चुकलं तर उठून सांगायचं नाही. वही पुढं सरकवायचं, त्यांनी आपणहून बघावं म्हणून.

दुधाटे सर त्या दिवशी शाळा सुटायची वाट न बघता वाड्यावर गेले. बरोबर मी होतो. भिंती उभ्या होत्या, वरचं सगळं जळून गेलं होतं, आणि सुदामची आई ओल्या राखेतून पितळी ताटली काढून पदरानं पुसत होती. सरांनी काही सांत्वन केलं नाही. ते त्यांना यायचंच नाही. सुदामला एवढंच विचारलं, “पुस्तकं?” त्यानं मान हलवली. आठवड्याभरात सरांनी परभणीहून नवा संच आणला, आणि पुढचे सहा महिने सुदाम शाळा सुटल्यावर ऑफिसात माझ्या टेबलाच्या कडेला बसून अभ्यास करायचा. सर आपल्या खोलीतून अधूनमधून डोकावून जायचे. बोलायचे नाहीत.

मग ते पुस्तकांवरूनच घडलं. विलास नावाचा मुलगा त्याच वर्गात होता, आमच्या संस्थेच्या सचिवांचा धाकटा. नवी पुस्तकं बघून तो सगळ्या वर्गासमोर म्हणाला, “जळालं ते बरंच झालं की. न्हाईतर ह्याला नवी पुस्तकं कवा भेटली असती?” सुदाम उठला आणि कंपासपेटी त्यानं विलासच्या तोंडावर हाणली. ओठ फुटला, रक्त सदऱ्यावर आलं. सरांनी दोघांना बोलावलं, दोघांचं पूर्ण ऐकलं आणि दोघांनाही सारखीच शिक्षा केली. आठ दिवस वर्गाबाहेर. मी म्हणालो, “सर, दोघांचं सारखं कसं?” ते म्हणाले, “एकानं जीभ चालवली, एकानं हात चालवला. मी वजन करून बघितलंय.”

वजन करून बघितलं होतं खरंच, ह्याची मला शंका नाही. पण तराजूत त्यांनी एक शब्द आणि एक फटका एवढंच टाकलं होतं. जळालेलं घर टाकलंच नव्हतं. हे मला आज इतकं स्पष्ट दिसतं. तेव्हा पुसट दिसलं होतं आणि मी गप्प बसलो.

जूनमध्ये दोघांच्या दाखल्यांवर ‘समाधानकारक’ आलं. सुदामच्या दाखल्यापाशी सर फार वेळ बसले होते, हे मी दारातून पाहिलं आहे. पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. पण त्यांनी विलासला जे दिलं तेच ह्याला दिलं. वेगळं लिहिलं असतं तर तो पक्षपात झाला असता, असं त्यांना वाटलं असणार.

विलासचे वडील जीप घेऊन शाळेत आले. “माझ्या पोराच्या दाखल्यावर हे काय लिवलंय?” सर म्हणाले, “आहे ते लिहिलंय.” सचिव उठून गेले, पण जाताना माझ्या टेबलापाशी थांबले आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. पुढच्याच आठवड्यात सरांच्या मंडळींचं दुखणं वाढलं आणि ते त्यांना घेऊन नांदेडच्या दवाखान्यात गेले. चार्ज पर्यवेक्षकांकडं होता. ते समोर येईल त्यावर सही करायचे. मी विलासचा दाखला ‘खराब झाला’ म्हणून रद्द दाखवला आणि नवा लिहिला. वर्तणूक : चांगली. पर्यवेक्षकांनी बघितलंसुद्धा नाही.

पुस्तक उघडंच होतं. सुदामचा दाखलाही त्याच्या मागंच होता. एकाचे दोन करायला मला पाच मिनिटं पुरली असती.

नांदेडला सरांच्या मंडळी वारल्या. तीस वर्षांच्या संसारात सरांनी त्यांच्या स्वयंपाकाला एकदाही नावाजलं नव्हतं. त्याही आम्हाला हसून सांगायच्या, “खाऊन उठले म्हंजे आवडलं समजायचं.” दहाव्याला नदीवर सगळे जमले, कुणी कुणी बोललं. सर उभे राहिले आणि म्हणाले, “ती चांगली होती.” बस्स. मग खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मला त्यांची फार दया आली आणि तितकाच रागही आला. ज्या बाईनं ह्या एका शब्दाची तीस वर्षं वाट बघितली, तिच्या कानावर तो पडायची सोय राहिली नव्हती.

त्या पावसाळ्यातच सुदाम ऑफिसात आला. रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला त्याला बोनाफाईड हवं होतं. मी म्हणालो, “अरे, मास्तरकीच्या ट्रेनिंगचं काय झालं? तुझे मार्क तर सगळ्यांत वर होते.”

“मुलाखतीला गेलतो,” तो म्हणाला. “तिथल्या साहेबांनी दाखला पायला. म्हनले, बाकीच्या समद्यांचं ‘चांगली’ हाय, तुझंच का न्हाई? मोर्चात होतास का? म्या म्हनलं, न्हाई. मग म्हनले, हेडमास्तरनं असं का लिवलं?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्या म्हनलं, सरांनी लिवलंय म्हंजी इचार करूनच लिवलं असंल.”

मी बोनाफाईड लिहून दिलं. सरांना ह्यातलं काही सांगितलं नाही. त्यांचं दुःख ताजं आहे, थोडे दिवस जाऊ देत, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे सांगितलं असतं तर दुसऱ्या दाखल्याची गोष्टही निघाली असती. थोड्या दिवसांची वर्षं झाली. सर रिटायर झाले आणि चुडाव्याला जाऊन राहिले. मी तिथंच हेडक्लार्क झालो.

दहा-अकरा वर्षांनी एका सकाळी सर शाळेत आले. खूप वाळले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “रंगनाथराव, पूर्णेला रुळावर खिल्लारे दिसला. रेल्वेच्या गँगमध्ये. खांद्यावर लोखंडी पहार होती. मी हाक मारली तर त्यानं पहार खाली ठेवून नमस्कार केला. त्या पोराचं असं कसं झालं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मुलाखतीची सगळी हकीकत मी सांगितली. विलासच्या दाखल्याचं तेवढं सांगितलं नाही. सर ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. मग म्हणाले, “मला नवा दाखला पायजे. ‘चांगली’ लिहून.”

“सर, त्याचं वय निघून गेलंय.”

“ठाऊक हाय मला. तरी पायजे.”

मी दुय्यम प्रत लिहिली. नवे हेडमास्तर फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी सही ठोकली आणि पुस्तक परत सरकवलं. सर दारात उभे राहून ते बघत होते. ज्या शब्दासाठी हा माणूस आयुष्यभर डोळे मिटून बसला, तो असा फोनवर बोलता बोलता मिळत होता. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मला पुढं नांदेडला बहिणीकडं जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर पूर्णेपर्यंत गेलो. स्टेशनपासून रुळाच्या कडेनं आम्ही बरंच चाललो. उन्हाचा नुसता ताव होता. एका बाभळीखाली गँग भाकरी खात बसली होती. सुदाम उठून आला, हात पाण्यानं धुतले, सदऱ्याला पुसले आणि सरांनी पुढं केलेलं दाखल्याचं पाकीट घेतलं. तिशीच्या आतलाच तो, पण कानशिलावरचे केस पिकले होते. कागद त्यानं सावकाश वाचला.

“ही सही तुमची न्हाई, सर.”

“मी रिटायर झालो ना बाबा. पण शब्द माझा हाय,” सर म्हणाले. “माझं तवा चुकलं.”

सुदामनं कागद खाली केला. मग रुळाकडं बघत म्हणाला, “तुमचं चुकलं असंल, असं मला कवाच वाटलं न्हाई, सर. म्या म्हनायचो, सरांला माझ्यात कायतरी दिसलं असंल. आपल्याला दिसना. इतकी वर्सं मी तेच हुडकायलोय, काय वंगाळ हाय आपल्यात. पोराला एक चापट मारली तरी वाटायचं, हेच आसंल. बायकोवर वरडलो तरी वाटायचं, हेच.”

सरांनी त्याचा हात धरायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. गँगच्या मुकादमानं तिकडून हाक मारली. सुदामनं कागदाची होती तशी घडी केली, पाकिटात घातली आणि सरांच्या हातात दिली.

“हे तुमच्यापाशीच राहू द्या. घरी ठिवलं तर पोरगं इचारील, बाबा हे कशाचं. काय सांगू त्याला?” त्यानं वाकून सरांच्या पायाला हात लावला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि निघून गेला.

नांदेडकडच्या पॅसेंजरमध्ये गर्दी नव्हती. सर खिडकीपाशी बसले होते, पाकीट मांडीवर. पूर्णा मागं पडली आणि मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. “सर, त्या साली विलासचा दाखला मी बदलून दिला होता. तुम्ही नांदेडला असताना.”

त्यांनी मान वळवली. “आन् खिल्लारेचा?”

“नाही.”

“का?”

“कुणी सांगितलं नाही, सर. त्यानं मागितला नाही.”

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. गाडी रेंगाळत चालली होती. समोरच्या बाकावरची एक म्हातारी शेंगा सोलत होती, तिनं मूठभर आमच्यापुढं धरल्या. सरांना त्या दिसल्याच नाहीत. चुडावा जवळ आलं तसे ते उठले आणि दांडी धरून दारात उभे राहिले. मी मागं गेलो. मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं. शिवी चालली असती, तिरस्कारही चालला असता.

“सर, माझं चुकलं ते तुमच्यापेक्षा मोठं ना? एवढं तरी सांगा.”

दाखला पुढं घेतल्यावर बघायचे तसे ते माझ्याकडं बघत राहिले. आता डोळे मिटतील असं मला वाटलं. पण त्यांनी मिटले नाहीत. “ते मला इचारू नका, रंगनाथराव,” ते म्हणाले. “मला ते येत न्हाई.”

गाडी थांबली. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. दांडीला धरून एकेक पायरी करत ते खाली उतरले. उतरणारी दोन-चार माणसं त्यांना वळसा घालून फाटकाकडं गेली. सर घराची वाट कुठली हे विसरल्यासारखे फलाटावर उभे होते, पाकीट दोन्ही हातांत छातीशी धरून. गाडी सुटली तेव्हाही ते तसेच होते, आणि मी दारात उभा राहून त्यांनी एकदा वर बघावं म्हणून वाट बघत होतो.